डबा मोठा आणला, वायर तेवढीच

ऑफिसचा इंटरकॉम वाढवायचा म्हणजे काय, तर एक्स्चेंजच्या डब्यात, म्हणजे ज्याला ऑफिसचे सगळे फोन जोडलेले असतात त्यात, एक कार्ड घालायचं, चार-पाच फोन आणायचे आणि झालं, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. डबा आमचा तीन-आठचा, म्हणजे बाहेरच्या ३ लाईन आणि आतली ८ एक्स्टेंशन, आणि सुरुवातीला फोन होते सहाच, त्यामुळे भरपूर जागा आहे म्हणून आम्ही निवांत. मग माणसं वाढली, शेजारची खोली घेतली, तेरा फोन हवे झाले. आठ एक्स्टेंशनचं कार्ड आणलं, डबा बंद करून खोबणीत बसवलं, चालू केला, अर्ध्या तासात काम फत्ते. आणि मग लक्षात आलं की शेजारच्या खोलीत चार जोड्यांची (एक जोडी म्हणजे एकमेकींना पिळलेल्या दोन तारा) एकच केबल गेलीये आणि त्यातल्या तीन जोड्या आधीच वापरात आहेत!

इथेच सगळं अडतं. दर एक्स्टेंशनला डब्यापासून स्वतःची एक जोडी लागते, थेट, मध्ये कुठे दुसऱ्या फोनला न चिकटता. लाईटच्या बोर्डासारखं एकावरून दुसरं असं करत गेलं की फोन वाजतात सगळे, पण नंबर एकच राहतो, एकाने उचलला की दुसरा गप्प, आणि एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू येतं ते वेगळंच. घरात वरच्या-खालच्या मजल्यावर एकच लाईन असेल तर चालतं तसं, ऑफिसात भांडणं होतात. आमच्याकडे दोन टेबलांना हेच करून ठेवलेलं निघालं.

तर नवीन केबल ओढली, दहा जोड्यांची, आणि माझ्या हौसेने दोन्ही टोकं मीच जोडायला बसलो. फोनच्या केबलमध्ये रंग ठरलेले असतात, पांढऱ्याबरोबर निळी, मग केशरी, हिरवी, तपकिरी, राखाडी, पुढच्या पाच जोड्यांना पांढऱ्याच्या जागी लाल. आता गंमत बघा, आमच्या केबलमधल्या पांढऱ्या तारांवर कसलीच रेघ नव्हती, कुठली पांढरी कुणाची हे फक्त पीळ बघून कळायचं. आणि मी काय केलं, तर काम सोपं व्हावं म्हणून आधीच वीतभर पीळ सोडून सगळ्या तारा सरळ करून ठेवल्या. झालं, पाच पांढऱ्या तारा समोर आणि सगळ्या सारख्या. मग टेस्टर लावून शोधल्या, पण त्यात निळीची पांढरी केशरीला गेली आणि केशरीची निळीला, आणि मी दुसऱ्या टोकालाही नेमकं तसंच जोडलं, त्यामुळे टेस्टर म्हणतो सगळं ठीक, डायलटोन येतोय, रिंग येतेय, फक्त एका फोनवर बोलताना मागे दुसऱ्या फोनवरचं बोलणं बारीक आवाजात ऐकू येतं. दोन दिवस मी डब्याला शिव्या घातल्या.

कारण साधं आहे पण डोक्यात शिरायला वेळ लागला. दोन तारा एकमेकींना पिळलेल्या असतात म्हणून शेजारच्या जोडीतून येणारा आवाज दोघींवर जवळपास सारखाच पडतो आणि फोनपर्यंत पोचता पोचता खोडला जातो. एक तार या जोडीतली आणि एक त्या जोडीतली घेतली की तो हिशोब मोडतो. टेस्टरला पीळ दिसत नाही, त्याला फक्त तार इथून तिथे पोचली एवढंच कळतं. पीळ सोडायचा तो जोडायला लागेल तेवढाच, आणि एक जोडी पूर्ण संपल्यावरच पुढची उघडायची.

अजून एक अक्कल याच दिवसात आली. मला तार दाताने सोलायची वाईट खोड आहे. बाहेरून येणारी लाईन फोन ठेवलेला असताना साधारण ४८ व्होल्ट डीसी असते, कोरड्या हाताला त्याचं फार काही वाटत नाही, पण रिंग येते तेव्हा त्यावर ७५ ते ९० व्होल्ट एसी चढतो. माझ्या तोंडात तार असताना कुणाचा तरी फोन आला. कुणाचा ते विचारायच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

कॉल ट्रान्सफरचं दुखणं सगळ्यांना होतं आणि सगळे डब्यावर ढकलतात. फ्लॅश दाबलं की कॉल ट्रान्सफर व्हायच्या ऐवजी कटच होतो, बरोबर? फ्लॅश म्हणजे लाईन क्षणभर तोडून परत जोडणं, काही फोन १०० मिलिसेकंद तोडतात, काही ६००, आणि डब्याला जेवढं अपेक्षित आहे त्यापेक्षा जास्त वेळ तुटली की त्याला वाटतं फोन ठेवला. कमी वेळ तुटली तर त्याला काहीच कळत नाही. डब्याच्या प्रोग्रामिंगमध्ये हा वेळ बदलता येतो, आम्ही मात्र त्याआधी तीन फोन बदलून बघितले.

लाईट गेल्यावरचंही बघून ठेवा. बऱ्याच डब्यांमध्ये अशी सोय असते की वीज पूर्ण गेली की बाहेरची पहिली लाईन आपोआप पहिल्या एक्स्टेंशनला थेट जोडली जाते. आमच्या पहिल्या एक्स्टेंशनला होता कॉर्डलेस, ज्याला स्वतःलाच वीज लागते, म्हणजे सोय असून नसल्यासारखी. आता तिथे साधा, वायरवाला फोन आहे. आणि केबल एका इमारतीतून दुसरीकडे उघड्यावरून जात असेल तर आकाशातल्या विजेपासून वाचवणारे प्रोटेक्टर आणि अर्थिंग, यात काटकसर नको.

आता कुणीतरी म्हणणारच, अरे आयपी फोन, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरून चालणारे, घे ना सरळ. घ्यायला हरकत नाही, नवीन जागा असेल आणि सगळीकडे नेटवर्कची केबल आधीच असेल तर मीही तेच घेईन, एक कॉल साधारण ९० केबीपीएसच खातो, त्यामुळे इंटरनेट पुरणार नाही ही भीती खोटी. पण तिथे फोनला वीज द्यायला बहुतेक वेळा पीओई स्विच, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज पाठवणारा डबा लागतो, तो बंद पडला की सगळे फोन एकदम बंद पडतात, आणि बाहेरून कुणी घुसून आपल्या जिवावर कॉल करू नये म्हणून पासवर्ड नीट ठेवावे लागतात, एक्स्टेंशनचा नंबर हाच पासवर्ड ठेवणारे महाभाग मी बघितलेत. जुने फोन ठेवून मधे गेटवे, म्हणजे साध्या फोन-लाईनला नेटवर्कशी जोडणारा डबा, लावायचा असेल तर एफएक्सएस पोर्टला आपला फोन आणि एफएक्सओला बाहेरची लाईन, हे ऑर्डर द्यायच्या आधी तीनदा वाचा. मी एकदाच वाचलं होतं.

शेवटी सगळं लागल्यावर मी डब्याच्या झाकणाच्या आत कागद चिकटवला, कुठली जोडी, कुठला रंग, कुठलं टेबल. एक्स्टेंशन नंबर २७ वर येऊन अडकलो. फिरवलं की कानात छान रिंग वाजते पण ऑफिसात कुठेच फोन वाजत नाही. अख्खी दुपार कपाटांच्या मागे, टेबलांच्या खाली, अगदी जिन्याखालीसुद्धा फोन शोधला. मग समजलं की आपल्याला ऐकू येणारी रिंग डबाच वाजवून दाखवतो, पलीकडच्या टोकाला फोन लावलाय की नाही हे त्याला माहीतच नसतं. २७ चा फोन कधीतरी टेबलं हलवताना काढला गेला होता. कागदावर त्याच्यापुढे मी 'रिकामा' लिहिलंय, आणि तरी नवीन आलेला प्रत्येकजण एकदा तो फिरवून बघतोच.