जर्मनीत ‘घरीच असते’ म्हणणाऱ्या आईचीही पेन्शन जमते

नवऱ्याच्या नोकरीमुळे म्युनिक किंवा श्टुटगार्टला आलेल्या बाईला गावाकडून फोनवर हमखास विचारतात, “मग तू काय करतेस तिकडे?” “काही नाही, घरीच असते,” असं सांगताना आवाज उगाच खाली जातो. जर्मनीच्या पेन्शन कायद्यात मात्र या घरी असण्याचे महिने मोजलेले आहेत, आणि ते हक्काने मागून घ्यायला हवेत.

1992 पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे आईच्या खात्यात 36 महिने जमा होतात. मोजणी जन्मानंतरच्या महिन्यापासून. हप्ता सरकार भरतं, तोही जणू ती देशातला सरासरी पगार कमावत होती असं धरून. यातून वर्षाला जवळपास एक गुण मिळतो; पेन्शन किती, ते या गुणांवर ठरतं. जुलै 2025 पासून एका गुणाला दरमहा 40.79 युरो होते; त्या दराने एका मुलामागे महिना सुमारे 122 युरो, पेन्शनच्या वयापासून आयुष्यभर.

मेख 60 महिन्यांत आहे. तेवढे खात्यावर असल्याशिवाय म्हातारपणची पेन्शन सुरू होत नाही. दोन मुलांचे 72 होतात, म्हणजे जर्मनीत एक दिवसही नोकरी न केलेल्या आईलाही पेन्शन मिळते. मुलांत तीन वर्षांहून कमी अंतर असलं तरी महिने बुडत नाहीत, मुदत तेवढी पुढे सरकते. जुळ्यांचंही तसंच. एकच मूल असेल तर 24 महिने कमी पडतात. ते ऐच्छिक हप्त्याने भरता येतात. किमान हप्ता महिन्याला शंभर युरोंच्या थोडा वर आहे. पण त्याआधी जुनी कागदपत्रं काढा. लग्नाआधी पुण्यात नोकरी करताना पीएफ कापला जात असेल, तर 1 मे 2017 पासून लागू असलेल्या भारत-जर्मनी करारामुळे तो काळ या 60 महिन्यांत धरता येतो.

हे आपोआप होत नाही. ‘व्ही 0800’ हा अर्ज डॉयचं रेन्टनफरझिशरुंग या पेन्शन संस्थेकडे मुलाच्या जन्मदाखल्यासह द्यायचा. फी नाही. कधी नोकरीच केली नसेल तर पेन्शन क्रमांक नसतो. तोही तिथेच मिळतो. माहेरचं नाव विचारतात, ते जुन्या कागदांवर आहे तसंच लिहा.

हे महिने नवऱ्याच्या नावावर घालण्याची घाई करू नये. त्याचा पगार पेन्शन हप्त्याच्या कमाल मर्यादेपाशी असेल, तर त्याच्या खात्यात गुण जवळजवळ वाढतच नाहीत. शिवाय वाटणी बदलायची तर दोघांचं लेखी निवेदन लागतं, आणि ते मागे फक्त दोन महिने लागू होतं.

बाळंतपण माहेरी करायचं असेल तर एक जपा: मूल जर्मनीत वाढवलं, तोच काळ धरतात. काही आठवड्यांच्या मुक्कामाने बिघडत नाही. पण बाळ वर्षभर सांगलीला आजीकडेच राहिलं, तर ते वर्ष गेलं.

घरी असलेल्या आईला एल्टर्नगेल्डही, म्हणजे लहान बाळाच्या पालकांना मिळणारा सरकारी भत्ताही मिळतो, पूर्वीची कमाई नसली तरी महिना किमान 300 युरो. त्याचा अर्ज मात्र लगेच करा, मागचे फक्त तीन महिने देतात. पेन्शनच्या महिन्यांना अशी घाई नाही. मुलं कॉलेजात गेली असली तरी ‘व्ही 0800’ भरता येतो.