बेळगाव की बांबोळी? दादाच्या मेंदूतल्या रक्तस्रावाचा अनुभव

मेंदूत रक्तस्राव म्हटला की आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात लगेच मोठी नावं निघतात. बेळगावचं केएलई, मुंबईचं केईएम, बंगळूरचं निमहान्स. दादा अंगणात कोसळला तेव्हा मामा म्हणाले, "गाडी काढ, चोर्ला घाटातून बेळगाव गाठू." पण वहिनीने तोवर १०८ ला फोन लावला होता. दादा वाचला तो त्यामुळेच, असं मी मानतो.

त्याला अचानक गरगरलं, ओकाऱ्या सुरू झाल्या, पाय जमिनीवर ठरेना. रुग्णवाहिकेतल्या मुलाने रक्तदाब पाहिला, वरचा २१०. त्याने थेट बांबोळीला, गोमेकॉत म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी इस्पितळात नेलं. सीटी स्कॅन, न्यूरोसर्जन आणि अतिदक्षता विभाग एकाच आवारात, रात्री-अपरात्रीसुद्धा. पहिल्या काही तासांत एवढंच बघावं.

सीटीत लहान मेंदूत, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या मागच्या भागात, तीन सेंटीमीटरहून मोठी रक्ताची गाठ दिसली. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, शेजारीच श्वास चालवणारा भाग आहे, त्यावर दाब येतोय आणि मेंदूतल्या पाण्याची वाटही अडतेय. "घाटात श्वास थांबला तर काय करणार?" मामांनी पुन्हा बेळगावचं नाव काढलं नाही. प्रत्येक रक्तस्रावाला शस्त्रक्रिया लागतेच असं नाही. शेजारच्या काकींचा मेंदूच्या खोल भागातला लहान रक्तस्राव औषधांवरच सांभाळला.

दादाची कवटी मागून उघडून गाठ काढली, पाणी बाहेर यायला नळी घातली. त्या नळीची पिशवी किती उंचीवर टांगायची याचंही माप असतं. ती खाली गेली तर पाणी जास्त वाहून जातं, म्हणून कूस बदलण्याआधी सिस्टर नळी बंद करायच्या. डोकं ३० अंश वर, वरचा रक्तदाब १४० च्या आसपास, बॅटरीने डोळ्यांच्या बाहुल्या तपासणं, आणि शुद्धीचे गुण. पूर्ण शुद्धीला १५, सगळ्यात कमी ३. बाहेर बाकावर आम्ही त्या आकड्यावरच जगत होतो. घशात व्हेंटिलेटरची नळी असेपर्यंत बोलण्याचे गुण मिळत नाहीत, म्हणून आकडा कमी दिसतो, हे एका सिस्टरने समजावलं. तेव्हा कुठे वहिनी जेवली.

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचं कार्ड हाताशी असू द्या. चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ४ लाखांपर्यंत, लहान कुटुंबाला अडीच लाखांपर्यंत संरक्षण आहे. आणि रुग्णाच्या चालू गोळ्या, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या, कागदावर लिहून न्या. डॉक्टरांनी आम्हाला आधी तेच विचारलं.

दादा आता काठीशिवाय चालतो, वळताना मात्र तोल जातो. फिजिओथेरपी चालू आहे. रक्तदाबाची गोळी कायमची.