बदकांचं खुराडं आणि घुशी: उन्हाळा ते हिवाळा

मांडणी जुनीच आहे. नागपूरच्या दक्षिणेकडचा लेआउट, घरामागे सांदवाडी, म्हणजे परस, खाकी कॅम्पबेल जातीच्या सहा बदक-माद्या आणि एक नर. दिवसा मोकळी, रात्री टिनाच्या छपराखाली जाळीच्या खुराड्यात. डुंबायला मोठा प्लास्टिकचा टप. शेजारचा प्लॉट रिकामा. म्हणजे गाजरगवत, आणि रात्री कोणीतरी आणून ओतलेला बांधकामाचा मलबा. माती अस्सल काळी. प्लॉट आणि माती ही दोन्ही घुशींना पुरणपोळीइतकी आवडतात, हे या वर्षी नीट कळलं.

माझं मत आधीच सांगून टाकते. घुशी मारणं हे यादीतलं शेवटचं काम. आधी पाणी, मग दाणा, मग लपायच्या जागा. हे तिन्ही तसेच ठेवून पिंजरे लावत बसलात तर हिशोब कधीच जुळत नाही, कारण मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी अर्धा डझन पिल्लं सहज देते.

एप्रिल, मे

पारा पंचेचाळीसच्या घरात आणि रात्रीसुद्धा तिशीच्या आसपास. काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा. घुशीला या दिवसांत बीळ खणायचेही कष्ट नाहीत, भेगेत शिरलं की आयता बोगदा. सकाळी टपाभोवतीच्या चिखलात पाय उमटलेले दिसायचे, पण त्या गर्दीत बदकांचे कुठले आणि कोणाचे कुठले ते समजेना.

म्हणून रांगोळी वापरली. संध्याकाळी बदकं आत गेल्यावर भिंतीच्या कडेने आणि टपाच्या बाजूने पांढरी रांगोळी चाळणीने पातळ भुरभुरवली. सकाळी सगळा कारभार पांढऱ्यावर लिहिलेला. पुढच्या पायाची चार बोटं, मागच्याची पाच आणि मधून शेपटीची ओढलेली रेघ. वाट एकच: कंपाउंडच्या भिंतीखालून निघून भिंत धरून टपापर्यंत, आणि त्याच वाटेने परत. दाण्याच्या डब्याकडे एकही पाऊल नाही. मला वाटत होतं सगळी ओढ कणकीची, म्हणजे तांदळाच्या चुरीची, आहे.

सासरे भंडाऱ्याकडचे, धानाच्या बांधावर घुशी खणून काढण्यात बालपण गेलेले. त्यांनी रांगोळी पाहिली आणि म्हणाले, "दाने काय मोजून राहिली पोरी, पानी पाह्य. एवढ्या तपनात तिले तहान लागली तं थे कुठं जाईन?"

बदकांच्या बाबतीत इथे खरी पंचाईत आहे. कोंबड्यांचं पाणी रात्री काढून घेतलं तरी चालतं. मोठी बदकंही दाणा नसेल तर रात्रभर पाण्यावाचून काढू शकतात, पण मे महिन्यातल्या नागपुरी रात्री माझी हिंमत होत नाही. शिवाय बदकाला चोच नाकपुड्यांपर्यंत बुडवता आली पाहिजे, नाहीतर नाक-डोळे चिकटतात. म्हणजे उथळ ताटलीवर भागत नाही.

तोडगा असा काढला. बाहेरचा टप रोज संध्याकाळी रिकामा करून पालथा. रात्रीचं पाणी फक्त खुराड्याच्या आत, अर्ध्या बादलीत. बादलीखाली गिट्टी भरलेला खड्डा आणि त्यावर जाळी, म्हणजे सांडलेलं पाणी खाली जिरतं आणि अंथरलेलं तणस ओलं होत नाही.

टपाचं पाणी ओतायची जागाही महत्त्वाची. बदकं दाणा खाता खाता चोच खळबळतात, त्यामुळे टपाच्या तळाशी कणकीचा आंबूस गाळ साचतो. ते पाणी केळीच्या आळ्यात जायचं. थोड्याच दिवसांत केळीच्या बुडाशी ताजी माती उकरलेली. आता पाणी रोज वेगळ्या झाडाला जातं आणि गाळ आधी जुन्या गाळणीतून काढून कचऱ्याच्या गाडीत.

जून, पाऊस यायच्या आत

आतलं पाणी सुरक्षित करायचं म्हणजे खुराडं आधी पक्कं हवं. जुनी षट्कोनी कोंबडीजाळी बदकांना आत ठेवते, पण उंदराला बाहेर ठेवत नाही. पिल्लं त्यातून सरळ चालत जातात आणि मोठे ती पातळ तार कुरतडतात. इतवारीच्या लोहा ओळीतून वेल्डमेश आणली: खालच्या दोन फुटांना पाव इंची, वर अर्धा इंची. अर्ध्या इंचीतून घूस किंवा मोठा उंदीर येत नाही, पण बारके घरउंदीर येतात, म्हणून खाली बारीक.

जमिनीखालचं काम सगळ्यात वेळखाऊ आणि सगळ्यात उपयोगाचं. जाळी अर्धा फूट खाली नेऊन बाहेरच्या बाजूला काटकोनात वाकवली, दीड फूट आडवी पसरली आणि वर माती-गिट्टी दाबली. घूस नेहमी भिंतीच्या बुडाशी येऊन तिथूनच खणते. खाली जाळी लागली की तिथेच खुडबुड करत राहते, दीड फूट मागे सरकून पुन्हा सुरुवात करायचं तिच्या डोक्यात येत नाही.

मिस्त्रीचं म्हणणं होतं की भोवती सिमेंटची पट्टी टाका, काम खतम. काळ्या मातीत ते टिकत नाही. माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पातळ पट्टीला दुसऱ्याच वर्षी तडा जातो. तो तडा म्हणजे घुशीचं दार. वाकणारी जाळी मातीबरोबर वर-खाली होते. मुरमाड जमीन असलेल्यांना सिमेंट चालेलही, आमच्याकडे नको.

बाकीची किरकोळ पण चुकवू नये अशी कामं: जाळी यू-खिळ्यांऐवजी वॉशर घालून स्क्रूने कसली. दाराच्या खालच्या कडेला टिनाची पट्टी मारली. पन्हळी टिना भिंतीवर जिथे टेकतात तिथल्या प्रत्येक लाटेखाली बोळ असतो, तो उरलेली जाळी कोंबून गिलाव्याने बुजवला. घूस खालून येते, पण काळा घरउंदीर वरून येतो. पेरूची एक फांदी छपरावर टेकली होती, ती छाटली. रांगोळीवर त्याचे पाय कधी दिसलेच नव्हते, कारण तो जमिनीवर उतरतच नव्हता.

जुलै, ऑगस्ट

पावसाने भेगा मिटल्या, बिळांत पाणी शिरलं आणि रिकाम्या प्लॉटमधली सगळी वसाहत उंच जागेच्या शोधात निघाली. आमची सांदवाडी प्लॉटपेक्षा दोन-अडीच फूट उंच. उन्हाळ्यात पाण्यासाठी येत होत्या, आता पाण्याला घाबरून येऊ लागल्या.

घुशीचं बीळ ओळखायला सोपं: तोंडाशी पोखरलेल्या मातीचा ढीग, आणि बहुतेक वेळा तोंड आतूनच भुसभुशीत मातीने बंद केलेलं. चालू आहे की सोडलेलं हे बघायला संध्याकाळी वर्तमानपत्राचा बोळा घट्ट बसवायचा. सकाळी बाहेर ढकललेला असला तर मालक घरी आहेत.

याच काळात अंडी कमी मिळू लागली. बदकं बहुतेक पहाटे किंवा सकाळी लवकर, मिळेल तिथे अंडं टाकतात, त्यामुळे आत उंदीर शिरत असतील तर सकाळी उशिरा दार उघडणाऱ्याचं नुकसान ठरलेलं. पण आत घुसखोरी नव्हती, जाळी शाबूत होती. शेवटी दोन माद्या सकाळी बाहेर पडल्यावर कढीपत्त्यामागे अंडी घालताना सापडल्या. तिथली टरफलं पाहिली तर कडेला दातांच्या बारीक खाचा आणि आतून चाटूनपुसून स्वच्छ. कावळा असा जेवत नाही, तो भोक पाडून फोडतो. आता अंडी घालून होईपर्यंत, म्हणजे आठ-साडेआठपर्यंत, दार उघडत नाही. आतून आरडाओरडा होतो, शेजारपाजारचे गजर लावत नाहीत आता.

दाण्याचं वेळापत्रकही बदललं. कणकी, मक्याचा भरडा आणि लेयरचं (अंड्यांच्या कोंबड्यांचं) खाद्य भिजवून सकाळ-संध्याकाळ द्यायचं, शेजारी पाणी, आणि खाणं थांबलं की भांडं उचलायचं. मोठ्या बदकाला दिवसाला दीडशे ग्रॅमच्या वर लागतं, ते दोन वेळांत आरामात होतं. साठा प्लास्टिकच्या ड्रममधून आजेसासूबाईंच्या जुन्या पत्र्याच्या कोठीत गेला. ड्रमच्या झाकणाची कड कुरतडून झालरीसारखी झाली होती.

आणि विषाचा विषय. पलीकडच्या काकू भिंतीवरून म्हणाल्या, "तुमची बदकं आल्यापासूनच घुशी वाढल्या बरं. औषध टाका ना सरळ!" काकूंचं अर्धं खरं आहे. घुशी मलब्यात आधीपासून होत्या, बारमाही पाणवठा आमच्याकडे मिळाला. पण औषधाला मी ठाम नाही म्हटलं, आणि कारणं इथे लिहून ठेवते, कारण हा प्रश्न सगळ्यांनाच येतो.

झिंक फॉस्फाईड, म्हणजे ती काळी पूड, पोटातल्या आम्लात फॉस्फीन वायू सोडते. तिच्यावर उतारा नाही, आणि बदक चोच कुठेही घालतं. थोडं खाऊन वाचलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाला तोंडही लावत नाही. ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांवर जीवनसत्त्व के हा उतारा आहे, पण उंदीर काही दिवसांनी मरतो, तोवर सुस्तावून उघड्यावर फिरतो आणि त्याला खाणाऱ्या गव्हाणी घुबडाच्या, मांजराच्या अंगात ते विष जातं. बदकवाल्यांसाठी खरी मेख पुढे आहे. मेलेलं जनावर ओल्या, उबदार जागी सडलं की त्यात बोटुलिझमचं विष तयार होऊ शकतं. अळ्यांना त्याने काही होत नाही, पण त्या अळ्या खाणाऱ्या बदकाची मान लुळी पडते, पाय जातात आणि ते पाण्यात असेल तर बुडतं. पावसाळ्यात गवतात कुठे काय मरून पडलंय हे मला शोधता येणार नाही. बदकं मात्र पहिल्या फेरीत शोधतील.

स्वतःसाठी एकच नियम: चिखलात गमबूट, हातात मोजे. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, आणि पायाला चीर असेल तर साचलेलं पाणी पुरेसं आहे.

पोळा

तान्ह्या पोळ्याला मारबत, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, बघायला गेलो. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" च्या गजरात मुलाने मोठ्याने घुशींचंही नाव घातलं. समोरच्या बडग्याखालचे, म्हणजे पुरुषाच्या पुतळ्याखालचे, दोघेतिघे वळून हसले, एकाने विचारलं, "तुमच्याकडे पण का?"

सप्टेंबर, ऑक्टोबर

आता कुठे चाप. जिवंत पकडायचा पिंजरा मी लावत नाही, कारण पकडलेली घूस दुसऱ्या लेआउटमध्ये सोडून येणं म्हणजे आपला त्रास दुसऱ्याच्या दारात ठेवणं. लाकडी चाप चार इंची पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात बसवला, पाइप भिंतीला समांतर, उंदराच्या नेहमीच्या वाटेवर. पाइपमुळे बदकाची चोच, मांजराचा पंजा आणि मुलाचा हात तिन्ही बाहेर राहतात. भली मोठी घूस यात बसत नाही, पण उंदीर आणि अर्धवाढ घुशी येतात.

उंदीर नव्या वस्तूपासून काही रात्री लांब राहतो. म्हणून आधी चाप न ताणता नुसतं आमिष: फल्लीदाणे गुळात चेचून. ते रोज फस्त होऊ लागल्यावर ताणायचा. आमच्याकडे काल उरलेलं भजंही चालतं, सुकट तर फारच चालते, पण तिच्या वासाने लेआउटमधली सगळी मांजरं सभेला येतात. मेलेला उंदीर खोल पुरून वर चुना.

एकदा चापाजवळ चिक्‌चिक् ऐकू आलं आणि तो उग्र वास. चिचुंद्री. तिला मी काही करत नाही, ती झुरळं आणि किडे खाते. ती फिरते त्या रात्री पाइपची तोंडं बंद ठेवते.

सगळ्यात मोठा फरक मात्र चापाने पडला नाही. प्लॉटमालक नागपूरबाहेर असतात. त्यांच्याशी फोनवर बोलून, काकूंसह आम्ही चार घरांनी वर्गणी काढली आणि मलबा उचलून गाजरगवत कापून घेतलं. मजुरांनी विटांच्या ढिगाखाली बिळांचं जाळंच उघडं पाडलं. एका कोनाड्यात मूठभर मका निघाला, आमचाच भरडण्याआधीचा असावा. एक लांबलचक धामणही निघाली. ती बिचारी आमचंच काम करत होती. मारू दिली नाही, सर्पमित्राला बोलावलं.

नोव्हेंबर, आत्ता

रांगोळीवर अजून अधूनमधून एखादी रेघ उमटते. भिंतीखालून येते, पालथ्या टपाला फेरी मारते आणि निघून जाते. आडव्या जाळीच्या वर एका जागी उकरल्याची खूण आहे, दोन बोटं खोल, पुढे काही नाही. अंडी पुन्हा पूर्ववत. थंडीमुळे तणसाचा थर जाड लागतो, आणि जाड थर म्हणजे खाली उबदार घर, म्हणून आठवड्याला तो पूर्ण उलटवून कोपरे बघते. बदकं जमिनीवरच झोपतात, कोंबडीसारखी दांडीवर चढत नाहीत. झोपेत पायाच्या पडद्याला चावा बसतो तो इथेच. आमच्या सातही जणांचे पडदे शाबूत आहेत, दर रविवारी उलटे धरून तपासते, नराला ते अजिबात मंजूर नाही.

संक्रांतीनंतर पिल्लं उबवायला ठेवायचा विचार आहे. पिल्लू एका रात्रीत नाहीसं होतं, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळी पेटी: संत्र्याच्या खोक्याच्या फळ्या, सहाही बाजूंना आतून पाव इंची जाळी, तळाच्या जाळीवर गोणपाट, आणि कमरेएवढ्या उंच लोखंडी पायांवर. उंदीर वर चढू नयेत म्हणून पायांना मधोमध टिनाच्या उलट्या शंकूची कॉलर लागणार आहे. तिचं माप घेऊन टिनवाल्याकडे टाकलंय.