बातमी नाय, गजाल

दर शनिवारी मी आमच्या तालुक्यातल्या एका छोट्या कम्युनिटी रेडिओवर, म्हणजे आसपासच्या गावांपुरत्या, इथल्याच लोकांनी चालवलेल्या रेडिओवर जाते. पगार नाही, चहा मिळतो. आणि पहिल्याच दिवशी तिथे जो नियम सांगितला तो अजून माझ्या घशाखाली उतरलेला नाही. बातम्या द्यायच्या नाहीत. म्हणजे आपण स्वतः तयार केलेल्या. आकाशवाणीच्या हव्या असतील तर लावा, पण जशाच्या तशा, मधला एक शब्दही कापायचा नाही.

बरं, सगळंच बंद आहे असंही नाही. पाणी कधी येणार, लाईट कधी जाणार, पाऊस, वादळाचा इशारा, रस्ता कुठे बंद, परीक्षा, ॲडमिशन, नोकरीची जाहिरात, जत्रा, हे सगळं चालतं कारण सरकारी भाषेत ती बातमी नाही, माहिती आहे. मग होतं काय, की उद्या दहा ते पाच लाईट नाही हे मी माईकवर सांगू शकते पण दर मंगळवारी आमचीच लाईट का जाते हे विचारलं की झाली बातमी. आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारा फोन कुठला माहितीये? "लाईट कधी येतली?" आणि त्याच्या पाठोपाठ, "पण जाता कित्याक?" पहिल्याचं उत्तर देते, दुसऱ्याला हसते.

सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगून टाकलंय की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. तरी कम्युनिटी रेडिओचे परवाने २००२ मध्ये आधी शिक्षणसंस्थांपुरते निघाले, २००६ मध्ये सामाजिक संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांना दार उघडलं. मग २००८ मध्ये तेव्हाच्या आंध्रात, आताच्या तेलंगणात, माचनूर गावात दलित बायकांनी संगम रेडिओ सुरू केला, आपल्याकडे म्हसवडला माणदेशी बायकांचा आहे. हे सगळं मी वाचून जाते आणि आमच्या ट्रान्समीटरकडे बघते. १०० वॅट. जत्रेतला एक हॅलोजन याच्यापेक्षा जास्त खातो. सपाटीवर दहाएक किलोमीटर आवाज जातो म्हणतात, पण कोकणात सपाटी कुठून आणायची, डोंगर आडवा आला की पलीकडच्या वाडीत नुसती खरखर. जाहिरात तासाला सात मिनिटं चालायची ती २०२४ मध्ये बारा केली, छानच केलं, पण बारा मिनिटं भरतील एवढी दुकानं बाजारात असायला हवीत ना.

तरी मी जाते, त्याचं कारण तौक्ते वादळ. मे २०२१. दोन रात्री वारा असा होता की कौलं पत्त्यांसारखी उडत होती, आणि नंतर कित्येक दिवस लाईट नाही, टॉवर बंद, मोबाईल म्हणजे नुसती बॅटरी. आमच्या आजीचा सेलवरचा जुना रेडिओ तेवढा बोलत होता. त्याच्यावर मुंबईचं कळत होतं, दिल्लीचं कळत होतं, आणि आमच्या नदीच्या पलीकडे माझी मावशी कशी आहे ते काही कळत नव्हतं. तेव्हापासून डोक्यात बसलंय की एवढ्याशा टापूचा पण एक रेडिओ पाहिजे.

असो. मला सांगायचंय ते संकासुराचं.

आम्ही दशावतारावर, म्हणजे आमच्या कोकणातल्या लोकनाटकावर, कार्यक्रम करत होतो, नाटक कसं उभं राहतं वगैरे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यात लिहिलेली संहिता नसते, आख्यान काय ते ठरवतात आणि रात्रभर बोलणं जागच्या जागी. बाईचं कामही पुरुषच करतात. सुरुवातीला पूर्वरंग, त्यात ब्रह्मदेवाचे वेद चोरणारा संकासुर येतो, अख्खा काळा, आणि मालवणीत बोलून लोकांना हसवतो. तर हा संकासुर करणारे आबा स्टुडिओत आले. स्टुडिओ म्हणजे काय, एक खोली, भिंतीला गाद्या आणि अंड्यांचे ट्रे. पाऊस लागला की पत्र्याच्या आवाजाने रेकॉर्डिंग बंद. आबा माईकसमोर बसले आणि गप्प. दहा मिनिटं. शेवटी म्हणाले, "बाय, काळा बांधल्याशिवाय माका संकासुर सुचना नाय." मग पिशवीतलं काळं फडकं काढून तोंडावरून घेतलं आणि सुटले ते सुटलेच. गंमत म्हणजे फडक्यामुळे त्यांचे प आणि फ माईकवर फुटेनासे झाले, ज्या फिल्टरसाठी आम्ही पैसे जमवत होतो ते काम फुकटात झालं. पेटीवाले काका पाय मारतायत, झांज थोडी लांब बसवलेली (जवळ ठेवली की बाकी काहीच ऐकू येत नाही), आणि खिडकीबाहेर नेमका कोंबडा.

तर नाटकातला भटजी विचारतो, वेद कोणी चोरले? आणि आबा म्हणतात, "मिया चोरलंय, कबूल! पण वाडीच्या रस्त्याचां डांबर खय गेलां तां माका इचारू नुको."

आम्ही सगळे हसलो आणि मग एकमेकांकडे बघितलं. हे लावायचं का? ही बातमी झाली का? अर्धा तास वाद. एकजण म्हणाला कापून टाका, उगीच परवान्यावर बालंट. मी म्हटलं लोककला आहे, यात ना तारीख, ना कोणाचं नाव. आबांना हा घोळ समजावून सांगितला तर ते फडकं घडी करत म्हणाले, "ह्येका बातमी म्हणतत? ही तर गजाल. गजाल सांगूक परमिशन लागता?" (गजाल म्हणजे आमच्याकडची साधी गप्पागोष्ट.)

यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. लावलं.

(पुढच्या महिन्यात पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, करायची आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली ना, तेच पिंगुळी. रेडिओवर चित्रं कशी दाखवणार असं सगळे विचारतात. पान उलटल्याचा आवाज येतो की!)

तर भाग लागला शनिवारी संध्याकाळी. मी कानात हेडफोन घालून फोनची वाट बघत बसलेले, म्हटलं आता डांबरावरून कोणीतरी भांडणार नाहीतर टाळ्या वाजवणार. पहिला फोन एका म्हातारबायचा, खालच्या वाडीतून.

"बाय, संकासुर बोलत होतो तेव्हा मधेच आरवलो तो कोंबो कोणाचो गो? आमचो कालपासून गावना नाय."