मावशीबरोबर जयविलासमध्ये

ग्वाल्हेरला राहणाऱ्या माणसाने जयविलास महाल किती वेळा पाहिला, हे त्याच्याकडे पाहुणे किती आले यावरून ठरते. आमच्या लश्कर भागातल्या घरी पुण्या-नागपूरहून कोणी आले की सकाळी किल्ला, उतरताना तानसेनाची समाधी आणि जेवून थोडे आडवे झाल्यावर जयविलास, हा क्रम माझ्या लहानपणापासून बदललेला नाही. पाहुण्यांना काय सांगायचे तेही ठरलेले आहे. दरबार हॉलमधली झुंबरे प्रत्येकी साडेतीन टनांची, ती टांगण्यापूर्वी छताची ताकद पाहण्यासाठी दहा हत्ती वर चढवले होते, आणि जेवणाच्या मेजावर चांदीची आगगाडी फिरत असे. एवढे सांगून झाले की पाहुणे तोंडात बोट घालतात आणि यजमानाचे काम संपते. इतक्या वर्षांत मीही त्या वस्तूंकडे पाहण्याऐवजी त्यांच्या आकड्यांकडेच पाहत आले, हे मात्र या दिवाळीनंतर सांगलीची मावशी आली तेव्हा प्रथम लक्षात आले.

मावशी चाळीस वर्षे मुलींच्या शाळेत शिवण शिकवत होती. कोणतीही कापडी वस्तू हातात आली की ती आधी उलटी करून पाहते, मग ती लग्नात आलेली साडी असो की दुकानातली चादर. मुलींचे भरतकामही ती उलट बाजूनेच तपासत असे. "सुलट बाजू सगळ्यांचीच बरी असते गं," हे तिचे वाक्य आम्ही भाचरांनी पुष्कळदा ऐकले आहे आणि त्यावरून तिची थट्टाही केली आहे.

महालाविषयी आवश्यक तेवढे सांगते. जयाजीराव शिंद्यांनी १८७४ साली तो बांधून घेतला. पुढे १८७६ च्या सुरुवातीला इंग्लंडचे युवराज ग्वाल्हेरला आले, त्यांच्या स्वागताची तयारी या बांधकामामागे होती. आराखडा मायकेल फिलोस यांचा. हे फिलोस घराणे मूळचे इटलीतल्या नेपल्सचे, पण पिढ्यानपिढ्या शिंद्यांच्या चाकरीत राहिलेले, त्यामुळे त्यांना पाहुणे म्हणणे कठीण आहे. महालाच्या तीन मजल्यांना तीन निरनिराळ्या युरोपीय शैलींचे खांब आहेत. जिवाजीराव शिंदे यांच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ महालाच्या एका भागात संग्रहालय करण्यात आले आणि १२ डिसेंबर १९६४ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते ते खुले झाले. उरलेल्या भागात शिंदे घराण्याचे वास्तव्य अजून आहे. त्यामुळे इथे सामान मांडून ठेवल्यासारखे वाटत नाही. माणसे शेजारच्या खोलीत उठून गेली आहेत, असे वाटत राहते.

मावशीला तलवारींत रस नव्हता. पालख्या आणि बग्ग्या तिने चालता चालता पाहिल्या, पेंढा भरलेल्या वाघांकडे पाठ फिरवली आणि काचेच्या सामानापाशी मात्र ती बराच वेळ थांबली. पैलू पाडलेल्या काचेच्या खुर्च्या, काचेच्या खांबांचे कठडे असलेला जिना, आणि या सगळ्यांत मला सर्वांत आवडणारी वस्तू म्हणजे काचेचा पाळणा. जन्माष्टमीला बाळकृष्णाला त्यात ठेवून झुलवण्याची शिंद्यांकडे प्रथा. आमच्या घरचा पाळणा लाकडी होता, वर लाखेच्या रंगीत चिमण्या टांगलेल्या, आणि त्याच्या एका दांडीवर माझ्या थोरल्या भावाच्या दातांच्या खुणा होत्या. काचेच्या पाळण्यात खरे मूल घालण्याची कोणाची छाती होणार नाही. मावशीचे म्हणणे असे की सगळ्या काचेच्या सामानात तेवढीच एक वस्तू शहाणपणाने केलेली आहे, कारण काचेच्या खुर्चीवर माणूस बसला तर त्याला सारखी धाकधूक, आणि देवाला मात्र वजन नाही. मला हे पटले. खुर्ची बसण्यासाठी असते आणि जिच्यावर बसण्याची भीती वाटते ती खुर्ची म्हणजे खुर्चीचे चित्र आहे, कितीही महाग असली तरी.

काचेवर पैलू कसे पाडतात हे तिला ठाऊक नव्हते, मला थोडेफार वाचून माहीत होते. काचेच्या रसात शिशाचे ऑक्साइड मिसळले की काच जड होते, नेहमीच्या काचेपेक्षा थोडी मऊ होते, म्हणून कापायला सोपी जाते, आणि प्रकाशाला अधिक वाकवते. मग कारागीर ती फिरत्या लोखंडी चाकावर ओल्या वाळूने कापतो, नंतर दगडी चाकावर खाच साफ करतो आणि शेवटी लाकडी चाकावर बारीक पूड लावून तिला चमक आणतो. मजा अशी की काच चाकाच्या वर धरायची असते, म्हणजे चाक कुठे लागते आहे ते कारागिराला काचेच्या आरपार, वरून पाहावे लागते. "म्हणजे उलट बाजूनेच," असे म्हणून मावशी खूश झाली.

दरबार हॉल वरच्या मजल्यावर आहे. १०० फूट लांब, ५० फूट रुंद आणि ४१ फूट उंच अशा त्या दालनात शिरल्यावर बोलणे आपोआप थांबते, हे मी दरवेळी अनुभवते. भिंतींवर आणि छतावर सोनेरी नक्षी आहे आणि मधोमध ती दोन झुंबरे. आम्ही गेलो तेव्हा खिडक्यांतून दुपारचे ऊन येत होते आणि झुंबरे त्या उजेडात काहीशी निस्तेज दिसत होती. नेहमी सांगते तशी मी हत्तींची गोष्ट सुरू केली. मावशीने मध्येच विचारले, "अगं, पण तेव्हा दिवे कसले होते?"

या प्रश्नाने मला अडवले. झुंबरांत अडीचशेच्या आसपास दिवे आहेत, हे मी शंभरदा सांगितले असेल. पण १८७४ साली विजेचा दिवा ग्वाल्हेरातच काय, जगात जवळजवळ कोणाच्याही घरी नव्हता. ही झुंबरे ज्या काळात घडली तो ज्योतीचा काळ होता. ज्योत स्थिर राहत नाही. कोणी दार उघडले, पंखा हलला, एखादी व्यक्ती जवळून गेली तरी ती थरथरते, आणि ती थरथरली की हजारो पैलूंवरच्या ठिणग्या जागा बदलतात. आपण देवघरात निरांजन लावतो तेव्हा चांदीच्या मूर्तीचे डोळे हलल्यासारखे वाटतात, तोच प्रकार साडेतीन टनांवर. विजेचा दिवा पैलूंना उजळतो, पण हलवत नाही. दागिना पेटीत पाहणे आणि चालणाऱ्या बाईच्या कानात पाहणे, एवढा हा फरक आहे. त्या दिवसापासून हत्तींची गोष्ट मला थोडी उणी वाटू लागली आहे. हत्ती फार तर छताची परीक्षा घेतात.

आता गालिचा. झुंबरांकडे मान वर करून पाहणाऱ्यांच्या पायांखाली, दोरीपलीकडे, तो पसरलेला असतो आणि बहुतेक लोक त्याच्याकडे ओझरते पाहून पुढे जातात. तो ग्वाल्हेरच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणला आणि त्याला बारा वर्षे लागली, असे सांगतात. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या अनेक तुरुंगांत गालिचे विणले जात. आपल्या येरवड्याचे नाव त्यात आहे, आग्रा आणि लाहोरचेही आहे. कारण उघड आहे. एवढा मोठा माग कोणत्या विणकराच्या घरात मावणार, आणि बारा वर्षे भांडवल अडकवून कोणता व्यापारी थांबणार? तुरुंगात जागा होती, हात होते आणि वेळेला किंमत नव्हती. तुरुंगातल्या स्वस्त मालामुळे बाहेरचे विणकर बुडतात, अशी तक्रार जाणकारांनी त्याच काळात केली होती, आणि ती खोटी नव्हती.

मावशी दोरीपाशी खाली बसली. गुडघे दुखतात म्हणून ती सहसा बसत नाही. गालिच्याचा कोपरा उचलून पाहण्याची तिची इच्छा मला दिसत होती, पण ते शक्य नव्हते, म्हणून ती तोंडानेच तो उलगडू लागली. मागावर उभे धागे ताणलेले, तो ताणा. शेजारच्या दोन धाग्यांना लोकरीचा वेढा देऊन गाठ मारायची, लगेच सुरीने लोकर कापायची, पुढची गाठ. एक ओळ झाली की आडवा बाणा घालायचा आणि लोखंडी पंजाने ठोकून बसवायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. काश्मिरी कारखान्यांत कोणत्या रंगाच्या किती गाठी हे एकजण मोठ्याने वाचतो आणि विणणारे त्याच्या आवाजावर हात चालवतात. विणणाऱ्याला समोर फुले दिसत नाहीत, मोजणी दिसते.

मी मनात हिशेब केला. गालिचा दालनाच्या निम्म्या जमिनीवर आहे असे धरले आणि दर चौरस इंचाला ६० गाठी धरल्या, ज्या फार नव्हेत, तरी एकूण गाठी दोन कोटींच्या वर जातात. हा माझा अंदाज आहे, पण साडेतीन टनांपुढे हा आकडा मला अधिक भारी वाटला, कारण यातली प्रत्येक गाठ कोणीतरी बोटांनी मारलेली आहे. बारा वर्षांच्या कामात काहींची शिक्षा संपून ते घरी गेले असतील आणि त्यांची जागा दुसऱ्यांनी घेतली असेल. ज्याने पहिली ओळ घातली त्याने शेवटची ओळ पाहिली असेल का? आणि पाहिली असेल तर दुर्दैवच म्हणायचे, कारण मग तो बारा वर्षे आतच होता.

मावशीने मला रंगातला एक पट्टा दाखवला. लोकर घाणाघाणाने रंगवतात आणि दोन घाणांचा रंग कधी तंतोतंत जुळत नाही, म्हणून हातविणीच्या गालिच्यात कुठेतरी आडवी, पुसट सीमा येते. तिला ती दिसत होती. मला खरोखर दिसली की तिने सांगितले म्हणून दिसली, हे मी आजही सांगू शकणार नाही. मागून आलेल्या एका कुटुंबातला मुलगा आम्ही काय शोधतो आहोत म्हणून आमच्या शेजारी वाकून पाहू लागला, आणि काही हरवले नाही हे कळल्यावर निराश होऊन झुंबरांकडे वळला.

ग्वाल्हेरमध्ये गालिचे आजही विणले जातात आणि २०२३ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. आमच्याच गावातला हा धंदा मी कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही, हे मावशीपुढे कबूल करताना लाज वाटली.

चांदीच्या आगगाडीविषयी थोडक्यात, कारण तिच्याविषयी सगळेच लिहितात. सात डब्यांवर शिंदे या नावाची सात इंग्रजी अक्षरे, आत मद्य आणि सिगार, आणि डब्यातली सुरई उचलली की गाडी थांबते. जयाजीरावांचे पुत्र माधवराव शिंदे यांना रेल्वेचा नाद होता, आणि तो मेजापुरता राहिला नाही. ग्वाल्हेरपासून श्योपूरपर्यंत जवळजवळ २०० किलोमीटर धावणारी दोन फुटी रेल्वे त्याच नादाची थोरली बहीण. लहानपणी मी त्या गाडीने सबलगडपर्यंत गेले आहे. टपावरही माणसे बसलेली असत आणि चढावर पोरे उतरून शेजारून चालत. २०२० पासून ती बंद आहे, तिच्या जागी रुंद रूळमार्ग (ब्रॉडगेज) होतो आहे. मेजावरची गाडी मात्र जपलेली आहे. माझ्या मते त्या दोघींत अधिक चांगली घडण श्योपूरच्या गाडीची होती, पण मेजावरची पुसून ठेवायला सोपी.

मराठा इतिहासाचे नवे दालन २०२२ मध्ये सुरू झाले आहे. तेथे आम्ही घाईतच फिरलो, कारण मावशीचे गुडघे आता खरोखरच बोलू लागले होते. ई-रिक्षाने घरी आलो.

चहा ठेवण्यापूर्वीच तिने आजीची चंदेरी काढायला सांगितली. ही साडी आजीला लग्नानंतर काही वर्षांनी, १९५० च्या दशकात, घेतलेली. चंदेरी हे गाव जुन्या ग्वाल्हेर संस्थानातले; पूर्वी तिथे निव्वळ सुती कापड विणत, रेशमी ताणा विसाव्या शतकात आला. रेशमातला नैसर्गिक डिंक धुऊन काढत नाहीत, म्हणून ते कापड किंचित ताठ राहते आणि त्यातून हात दिसतो. मावशीने पदर उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला. जरीची एक एक बुटी वेगळ्या फिरकीने हाताने भरलेली, त्यामुळे मागे एका बुटीपासून दुसरीपर्यंत लोंबणारे धागे नव्हते. ती ओळीने बुट्या पाहत गेली आणि काठाजवळ एका ठिकाणी तिचा अंगठा थांबला. मोहरीपेक्षाही लहान अशी एक गाठ तिथे होती, सुलट बाजूने अजिबात न दिसणारी.

"इथे ताणा तुटला होता बघ," ती म्हणाली, आणि साडी मूळच्या घडीवर घालून तिने मला चहात आले टाकायची आठवण केली.