आठ चाळीसचा चंद्र आणि साडेआठला संपणारा बुफे

साडेसहाचं बुकिंग होतं, म्हणून मी सहा वीसला पोचले. एवढं वाचूनच आमच्या कॉलेजच्या ग्रुपातले आठ जण हसणार आहेत. हसा.

नाशिकचा कॉलेज रोड, तिसरा मजला, डिसेंबरातला रविवार. पहिली पंगत साडेसहा ते साडेआठ, दुसरी नऊला. हॉटेलवाले स्लॉट म्हणतात, पण पंगतच ती. माणशी ८४९, वर पाच टक्के जीएसटी, मग पोटाला झेपेल तितकं. टेबलाच्या मधोमध शेगडी बसवायला चौकोनी भोक आणि शेजारी टीचभर झेंडा. झेंडा उभा तोवर कबाब येत राहणार, आडवा केला की थांबणार. नऊ खुर्च्यांच्या टेबलाशी त्या झेंड्याकडे बघत मी एकटी. साडेसहा झाले. पावणेसात झाले.

ग्रुपवर मात्र धावपळ चालली होती. "निघालोच." "पाच मिनिटं." "द्वारकेला अडकलोय." नाशिकचा माणूस द्वारकेला, म्हणजे ट्रॅफिक तुंबणाऱ्या त्या चौकात, अडकलोय म्हणतो तेव्हा तो घरात टॉवेल शोधत असतो, हे मला वीस वर्षांपूर्वीही ठाऊक होतं. तरी राग यायचा तो आलाच. वेटर दोनदा विचारून गेला, "मॅडम, बाकीचे?" आणि दोन्ही वेळा मीच ओशाळले, जणू उशीर मी केला होता.

मी राहते त्या जपानचं थोडं सांगते, नाहीतर माझा राग नुसता फॉरेन रिटर्न नखरा वाटेल. तिकडे पोटभर खाण्याची हॉटेलं भरपूर. त्या प्रकाराला ताबेहोदाई म्हणतात. ताबे म्हणजे खाणं, होदाई म्हणजे हवं तितकं. पण हवं तितकं म्हणजे हवा तितका वेळ नव्हे. नव्वद मिनिटं, फार तर दोन तास, आणि संपायच्या वीस-तीस मिनिटं आधी शेवटची ऑर्डर. बऱ्याच ठिकाणी टेबलावरच्या सगळ्यांनी तेच घ्यायचं, 'मी नुसता बसतो' चालत नाही. पानात टाकलं तर कित्येक हॉटेलांत वेगळे पैसे लागतात. ऑफिसची पार्टी असली तर एक 'कान्जी' नेमलेला असतो; जागा, वेळ, वर्गणी सगळं त्याच्या डोक्यावर. आणि लोकलला उशीर झाला तर स्टेशनवर चक्क चिठ्ठी मिळते, उशिराचा दाखला, ऑफिसात दाखवायला. बुफेला तिथे 'बायकिंगु' हा शब्द आहे, म्हणजे वायकिंग. १९५८ साली टोकियोच्या इम्पिरियल हॉटेलने युरोपच्या उत्तरेकडची मांडून ठेवलेल्या जेवणाची पद्धत आणली आणि त्या रेस्टॉरंटला नाव दिलं 'इम्पिरियल वायकिंग', तेव्हापासून तेच चिकटलं. नाव दर्यावर्दी लुटारूंचं आणि जेवण घड्याळ लावून.

सात दहाला वैशाली आली. मग आहेर, मग एकेक करत बाकीचे. सात पंचवीसला देवरे, पिंपळगावहून. त्याची द्राक्षबाग आहे. थंडी उतरली की पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करायचा आणि लाइट रात्रीची असली तर रात्री पाणी सोडायचं. "दोन रात्री डोळ्याला डोळा नाही गं," म्हणाला. यावर काय बोलणार? पण फोन करता आला असता. हे तिथे बोलले नाही, इथे लिहिते.

उशिराच्या दाखल्याचं त्यांना सांगितलं तर देवरे म्हणाला, "आम्हाला तो तहसीलदाराकडून आणावा लागेल. त्यालाच महिना जाईल."

वैशाली म्हणाली, "तुला घड्याळ चावलंय." सगळे हसले, मीही हसले. पण खरं सांगू? मुलगा लहान असताना तिकडे पाळणाघर सहाला बंद व्हायचं, आणि सहा म्हणजे सहा. शेजारी ठेवायला आजी नाही, मावशी नाही. हे घड्याळ मी हौसेने बांधलेलं नाही. आणि २०२० च्या उन्हाळ्यात जपानने बाहेर गेलेल्या परदेशी रहिवाशांना परत घेणं थांबवलं होतं, म्हणून आजीच्या वेळी मला येता आलं नाही. कोणी विचारत नाही, तरी मी दर वेळी सांगते. आताही सांगून टाकलं.

असो. झेंडा उभा राहिला आणि शेगडी आली. मग जे व्हायचं ते झालं. अनलिमिटेडचं अप्रूप आम्हाला कधीच नव्हतं. मिसळीचा रस्सा मागावा तितका वाढणाऱ्या गावात आम्ही शिकलो. रविवारी संध्याकाळी मेस बंद, म्हणून दुपारच्या फीस्टला रात्रीचंही खाऊन ठेवायचो. त्यात आहेरने एकदा एकवीस पुऱ्या खाल्ल्या होत्या. दर भेटीत त्या दोन-दोनने वाढतात, परवा एकोणतीस झाल्या.

पनीरची सळई आमच्यातल्या शिऱ्यापुढून तिसऱ्यांदा तशीच पुढे गेली, तेव्हा वैशालीच्या लक्षात आलं. "घे ना रे."

"आज चतुर्थी आहे."

टेबल गप्प. तारीख ठरवायला ग्रुपवर आठवडा घातला होता. माझी फ्लाइट, वैशालीच्या मुलीची परीक्षा, देवरेच्या फवारण्या, सगळं पाहिलं. कालनिर्णय कोणी पाहिलं नाही.

"मी पाहिलं होतं," शिऱ्या म्हणाला. "पण बोललो असतो तर पुन्हा तारीख पडली असती. मग ही जाते जपानला."

चंद्रोदय आठ चाळीस. पंगत साडेआठपर्यंत. म्हणजे चाळीस पदार्थ मांडलेल्या हॉलमध्ये माणूस ८४९ रुपये भरून पाणी पिणार आणि चंद्र उगवायच्या दहा मिनिटं आधी उठणार. शिऱ्याला त्याचं काही नव्हतं, तो मजेत होता. खुपत होतं मलाच. मी काउंटरवर जाऊन मॅनेजरला विचारलं, "एकांचा उपवास आहे, बिल आठ जणांचं होईल का?" तो म्हणाला, "बघू."

जपानीतही 'बघू' आहे. 'केन्तो शिमासु', विचार करतो. ऑफिसात ते ऐकलं की आपण वही मिटायची, कारण बहुतेक वेळा ते 'नाही' असतं. हाही तसाच 'बघू' समजून मी येऊन बसले.

आठ पंचवीसला वेटर आला. मी पर्स खांद्याला लावली, मोबाइल उचलला.

"बसा मॅडम. सरांचा चंद्र व्हायचाय अजून."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मघाशी ऐकलं. मलाही चतुर्थीच आहे."

तासभर हा मुलगा आमच्या शेगडीवर कोंबडीच्या सळया फिरवत होता. लिंबू पिळत होता, वर बटर लावत होता. आहेरने त्याला दोनदा विचारलंही होतं, "टेस्ट कशी आहे यार आजची?" आणि दोन्ही वेळा तो म्हणाला होता, "एक नंबर सर."

दारात दुसऱ्या पंगतीचे लोक जमायला लागले होते. एका बाईच्या खांद्यावर मूल झोपलेलं. मला बसवेना. मी म्हटलं, नियम असतो तो त्या दारातल्या माणसांसाठी. आपण एकाला दहा मिनिटं सवलत देतो, ती दुसऱ्याच्या खिशातून जाते. चांगलं बोलले होते मी, अजूनही माझं तेच मत आहे. वैशालीने वळून बघितलं आणि म्हणाली, "अगं, नऊची पंगत आहे त्यांची. तुझ्यासारखेच लवकर आलेत ते."

वेटरने आम्हा तिघांना, म्हणजे शिऱ्या, वैशाली आणि मला, मागच्या जिन्याने गच्चीवर नेलं. कांद्याची पोती, गॅसच्या टाक्या, चिमणीतून येणारा आमच्याच कबाबांचा वास. हवा अशी की श्वासाची वाफ दिसावी. पूर्वेला पंचवटीच्या बाजूचे दिवे, आणि नेमक्या त्याच दिशेला एका क्लासचं होर्डिंग, त्यावर टॉपर पोरांचे फोटो. चंद्र त्यांच्या मागे होता.

थांबलो. थांबताना मला आमच्या टोकियोतल्या निशी-कासाईच्या शेजारीण आजी आठवल्या. पौर्णिमेनंतरच्या चंद्रांची जुनी जपानी नावं त्यांनी मला शिकवली. चंद्र रोज उशिरा उगवतो, म्हणून सतराव्या रात्रीचा 'ताचिमाचि', उभ्याने वाट पाहायचा. अठराव्या रात्रीचा 'इमाचि', बसून वाट पाहायचा. एकोणिसाव्या रात्रीचा 'नेमाचि', आडवं पडून वाट पाहायचा. एकोणिसावी म्हणजे आपली वद्य चतुर्थीच की! आडवं पडून वाट पाहायच्या चंद्राची आपल्याकडे अख्खं गाव उपाशीपोटी, उभ्याने वाट बघतं. मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. शिऱ्या म्हणाला, "त्यांनी दुपारी जेवलेलं असतं."

मग तिसऱ्या क्रमांकाच्या टॉपरच्या कानामागून चंद्र निघाला. तांबूस, एका बाजूने जरा झिजलेला. वेटरने डोक्यावरची टोपी काढून खिशात कोंबली. किचनमधून मूठभर तांदूळ आणले होते आणि ताकाच्या स्टीलच्या ग्लासात पाणी. "सर, आधी तुम्ही." शिऱ्या म्हणाला, "तू सकाळपासून उभा आहेस, तू आधी." हे दोनदा-तीनदा झालं, त्यात चंद्र आणखी वर आला. शेवटी दोघांनी एकाच ग्लासातून अर्घ्य दिलं. पाणी ओघळत टाक्यांखाली गेलं.

खाली आल्यावर नवा पेच. शिऱ्याच्या घरी उपवास कांदा-लसणाशिवाय सोडतात, आणि चाळीस पदार्थांत तसे जिलबी आणि गुलाबजामच निघाले. वेटर म्हणाला, "आमच्यासाठी मागे साधं वरण केलंय." ताट आलं. वरण, भात, तूप, लिंबाची फोड. शिऱ्याने तीनदा भात घेतला. कबाबांनी गळ्याशी आलेले आम्ही आठ जण त्याच्या ताटाकडे बघत बसलो. शेवटी देवरेने चमचा घातलाच.

वेटरचं ताट मात्र आत झाकून ठेवलेलं होतं. नऊची पंगत बसवून झाल्यावर तो जेवणार होता. या गोष्टीत नियम वाकला तो सगळ्यांना आवडला, मलाही आवडला. पण तो नक्की कोणाच्या पाठीवर वाकला, हे विचारायला मी त्याच्याकडे वळले तोवर तो नव्या टेबलावर झेंडा उभा करत होता.

बिल आठ जणांचं आलं. आता शिऱ्याच भांडायला उठला, मी जेवलोय, माझे धरा. मॅनेजर शांतपणे म्हणाला, "सर, वरण-भात मेनूत नाही. लावू कोणत्या रेटने?" ७१३१ रुपये ६० पैसे, भागिले नऊ, ७९२ रुपये ४० पैसे. आहेरने फोन काढला आणि सगळ्यांचे भरून टाकले. माझं यूपीआय जपानच्या नंबरवर चालत नाही. मी पाचशेच्या दोन नोटा पुढे केल्या, तर जो तो हात मागे घेई. नोटा छापणाऱ्या गावात माझी नोट कोणी घेईना.

टोकियोत पार्टी झाली की त्याच रात्री येन-येनचा हिशेब चुकता होतो. त्याला वारिकान म्हणतात, आणि मला ते आवडतं, कोणाचं ओझं राहत नाही. म्हणून परत आल्यावर भावाला सांगून आहेरला ७९२ रुपये ४० पैसे पाठवले. दुसऱ्या दिवशी ते भावाच्या खात्यात परत. पुन्हा पाठवले, पुन्हा परत. शेवटी ग्रुपवर सगळ्यांसमोर विचारलं, माझे पैसे का घेत नाहीस?

आहेरचं उत्तर लगेच आलं, आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर. "घेतो ना. द्वारकेला अडकलेत."