दहा हजारांची स्वायत्तता

आज दिवसभर शाळा विकास आराखडे वाचून काढले. निम्म्याहून जास्त गेल्या वर्षीचेच, फक्त तारीख बदललेली!

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं हे तिचंच काम. कलम २२ म्हणतं, अनुदान समितीने केलेल्या शाळा विकास आराखड्यावर ठरावं. प्रत्यक्षात समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेचं संयुक्त शाळा अनुदान, म्हणजे शाळेने किरकोळ खर्चासाठी स्वतः वापरायचे वर्षाचे पैसे, ठरतं ते पटावर. ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० पर्यंत २५,०००. म्हणजे एका मुलाने पंधरा हजारांचा फरक पडतो, त्यामुळे यू-डायस या शाळांच्या माहितीच्या सरकारी प्रणालीतली पटसंख्या नीट तपासूनच भरा. किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. छोट्या शाळेत ते हजार रुपये साबण, झाडू, फिनेलमध्येच संपतात. वीजबिल भरलं की स्वायत्तता उरते खडू-डस्टरपुरती.

पैसे बहुधा वर्ष सरता सरता येतात आणि मग मार्चची धावपळ. अडतं ते इथे: बिलावर आधीची तारीख, समितीचा ठराव नंतरचा. लेखापरीक्षणात पहिला आक्षेप हाच. म्हणून गरजांची यादी आणि ठराव डिसेंबरातच करून ठेवा, प्राधान्यक्रम लावून. बिल शाळेच्या नावाने घ्या, मुख्याध्यापकांच्या नावाने नको. वस्तू आली की त्याच दिवशी साठा नोंदवहीत चढवा आणि तो नोंद क्रमांक बिलावर लिहा. म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान खर्च झाल्याचा दाखला, देताना शोधाशोध होत नाही.